वजन जास्त आहे आणि हृदयासाठी कोको घ्यायचाय? मग असा घ्या

डार्क चॉकलेट हार्टला चांगलं असतं हे मला आमच्या जाऊबाईंनी सांगितलं आणि मी ते लगेच मनावर घेतलं, कारण त्याच आठवड्यात माझं बीपी १४४/९२ निघालं होतं आणि गोळी सुरू व्हायच्या आधी काहीतरी घरगुती करून बघावं असं डोक्यात होतं. मग काय, रोज रात्री जेवण झालं की डार्क चॉकलेटचे तीन-चार तुकडे, चार महिने नेमाने. चार महिन्यांनी बीपी होतं तिथेच आणि वजन ७५ चं ७८ झालं. माझी उंची १५८ सेंमी आहे, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३१ च्या पुढे गेला. तेव्हा पहिल्यांदा नीट बसून वाचलं आणि कळलं की कोको चांगला ही गोष्ट खरी आहे, पण मी खात होते त्यात कोकोपेक्षा साखर आणि फॅटच पोटात जास्त जात होतं. म्हणून हे सगळं लिहितेय, ज्यांचं वजन माझ्यासारखं जास्त आहे त्यांच्यासाठी खास, कारण बारीक माणसाला चार तुकडे जास्त झाले तर चालून जातं, आपल्याला नाही चालत.

आधी आपण त्यात येतो का ते बघा. आपल्या भारतीय लोकांसाठी बीएमआय २३ च्या वर म्हणजे वजन जास्त आणि २५ च्या वर म्हणजे लठ्ठपणा असं डॉक्टर धरतात, बाहेरच्या देशांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत, कारण आपल्याकडे पोटावर चरबी लवकर साठते आणि शुगर-बीपीचा त्रास कमी वजनालाच सुरू होतो. बीएमआय काढायला वजन किलोत घ्या, उंची मीटरमध्ये घेऊन तिला त्याच आकड्याने गुणा, आणि जे उत्तर येईल त्याने वजनाला भागा. टेप असेल तर कंबरही मोजा, पुरुषांची ९० सेंमीच्या वर आणि बायकांची ८० च्या वर असेल तर वजनकाटा काहीही म्हणो, लक्ष द्यायला हवं.

आता कोको नेमकं करतो काय. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य एपिकॅटेचिन. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून एक पातळ अस्तर असतं, ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं आणि त्याने वाहिनी सैल पडते, रक्त सहज वाहतं. वजन वाढलं, पोटावरची चरबी वाढली, शुगर वर राहायला लागली की हे अस्तर आळशी होतं, वाहिनी हवी तेव्हा हवी तेवढी सैल होत नाही, आणि बीपी चढायला सुरुवात होते. फ्लॅव्हनॉल या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला मदत करतात. कोकोचा हृदयाला जो काही फायदा सांगतात त्याचं मूळ मुख्यतः इथे आहे.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास येल विद्यापीठातला आहे, २००८ चा. ४५ माणसं घेतली होती, वय सरासरी ५३ आणि बीएमआय सरासरी ३०, म्हणजे अगदी आपल्यातलीच. त्यांना एकदा २२ ग्रॅम कोको पावडर बिनसाखरेची पेय म्हणून दिली, एकदा तीच साखर घालून दिली आणि एकदा कोको नसलेलं नुसतं तसंच दिसणारं पेय दिलं, आणि दर वेळी दोन तासांनी हाताची रक्तवाहिनी किती फुलते ते मोजलं. बिनसाखरेच्या कोकोने सुधारणा ५.७ टक्के, साखरेच्या कोकोने २ टक्के. कोको तोच, माणसं तीच, मध्ये फक्त साखर आली आणि निम्म्याहून जास्त फायदा गेला! हे वाचलं त्या दिवशी मी घरातलं चॉकलेट पुतण्याला देऊन टाकलं.

पण अपेक्षा किती ठेवायची तेही आधीच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. २०१७ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने ३५ चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा बीपी सरासरी १.८ पॉइंटच्या आसपासच उतरलेलं दिसलं, आणि ज्यांचं बीपी आधीच जास्त होतं त्यांच्यात वरचं साधारण ४ पॉइंट उतरलं. वजन १ किलो उतरलं तर वरचं बीपी साधारण १ पॉइंट उतरतं, या हिशोबाने कोको म्हणजे दोन किलो वजन उतरवल्याएवढी मदत. लहान आहे, पण फुकट जाणारी नाही. मग अमेरिकेत कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली, साठी ओलांडलेली २१,४४२ माणसं, साडेतीन वर्षांच्या वर, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून १० टक्के कमी दिसलं, पण तो फरक योगायोगानेही येऊ शकतो इतपतच होता, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी होते. त्या कॅप्सूल एका चॉकलेट कंपनीने पुरवल्या होत्या आणि पैसाही काही प्रमाणात त्यांचाच होता, हे वाचताना लक्षात ठेवायला हवं. तर थोडक्यात कोको हा गोळीला पर्याय नाही, गोळी सुरू असेल तर ती सुरूच राहणार. माझी आता सुरू आहे.

आता दुकानात जाऊ, कारण खरी गडबड तिथेच होते.

विकत घ्यायची ती बिनसाखरेची साधी कोको पावडर. डबा उलटा करून साहित्य वाचा. त्यात फक्त कोको पावडर किंवा कोको सॉलिड्स एवढंच असेल तर उत्तम. साखर, माल्ट, मिल्क पावडर असं काही दिसलं की तो डबा परत फळीवर. ड्रिंकिंग चॉकलेट म्हणून जे मिळतं त्यात बहुतेक वेळा पहिलं नाव साखरेचं असतं, आणि साहित्याच्या यादीत जे जास्त तेच आधी लिहायचा नियम आहे, त्यामुळे तुम्ही साखर विकत घेताय आणि वर रंगापुरता कोको. मुलांना दुधात घालून देतो त्या चॉकलेटी पावडरींचंही तेच, २०२४ च्या एप्रिलमध्ये तर केंद्र सरकारने ऑनलाइन विकणाऱ्यांना सांगितलं की असली पेयं हेल्थ ड्रिंक या नावाखाली ठेवू नका.

दुसरी गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नव्हती. कोको पावडर दोन प्रकारची असते, नॅचरल आणि अल्कली (सोड्यासारखा क्षार) लावलेली. अल्कलीवालीला डच प्रोसेस म्हणतात, १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन यांनी कोकोतलं बटर दाबून काढायची पद्धत आणली आणि पुढे त्यांच्याच घराण्यात अल्कली लावणं सुरू झालं तेव्हापासूनचं नाव. अल्कलीने कोको गडद होतो, कडूपणा जातो, दुधात पटकन मिसळतो, केकला सुंदर रंग येतो. पण फ्लॅव्हनॉल मरतात. नॅचरल पावडरीत ग्रॅमला साधारण ३४ मिलिग्रॅम मोजलेत, हलकी अल्कली लावली की १४ च्या आसपास आणि जास्त लावली की जेमतेम ४. म्हणजे तुम्ही मनोभावे रोज दोन चमचे घेताय आणि जेमतेम आठवा-नववा हिस्साच मिळतोय.

ओळखायचं कसं, तर परत साहित्याची यादी. ॲसिडिटी रेग्युलेटर असं लिहून पुढे ५००, ५०१ किंवा ५२५ असे आकडे असतील तर ती अल्कलीवाली. आपल्याकडे किराणा दुकानात समोर ठेवलेल्या डब्यांवर हे आकडे बऱ्याचदा सापडतात. नॅचरल पावडर रंगाने फिकट, विटकरीकडे झुकणारी असते आणि चिमूटभर जिभेवर ठेवली तर कडूबरोबर किंचित आंबट लागते. काळपट आणि अजिबात आंबट नसलेली असेल तर समजून जा. बेकिंगचं सामान मिळतं त्या दुकानात किंवा ऑनलाइन नॅचरल किंवा नॉन अल्कलाइज्ड लिहिलेली मिळते, दक्षिणेत आंध्र, केरळ, कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागांमधून कोको होतो त्यामुळे देशातलीच चांगली पावडर मिळू शकते. थोडी महाग पडते, पण महिन्याला लागते किती, दीडशे ग्रॅम.

आता प्रमाण. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल हा आकडा मान्य केला. चांगल्या नॅचरल पावडरीत तो साधारण ६ ग्रॅममध्ये येतो. चहाचा एक सपाट चमचा, शीग न लावता, साधारण अडीच ग्रॅम. म्हणजे दिवसाला दोन सपाट चमचे, फार तर तीन. सुरुवातीला एकच घ्या, कारण सवय नसताना कडू लागतो आणि माणूस साखरेच्या डब्याकडे हात नेतो. येलच्या अभ्यासातले २२ ग्रॅम एकदाच द्यायचे होते म्हणून दिले, ते रोज घ्यायचं प्रमाण नाही. दोन चमच्यांत कॅलरी फक्त १२ च्या आसपास आणि कॅफिनही चहाच्या कपापेक्षा बरंच कमी. याउलट ७० टक्क्यांच्या वरचं डार्क चॉकलेट १०० ग्रॅमला साधारण ६०० कॅलरी असतं, म्हणजे मी रोज रात्री जे २० ग्रॅम खात होते त्याच्या १२०, महिन्याच्या ३६००. वजन का वाढलं ते मला त्या गुणाकारातच दिसलं.

करायची पद्धत सोपी आहे पण एक गोष्ट चुकली तर गुठळ्याच गुठळ्या होतात. कोको थेट गरम पाण्यात टाकायचा नाही. कपात दोन चमचे कोको घ्या, त्यावर दोन-तीन चमचे कोमट पाणी घाला आणि चमच्याने घोटून घोटून गुळगुळीत पेस्ट करा, मग वरून गरम पाणी शंभर मिली आणि हवं असेल तर टोन्ड दूध पन्नास मिली. छोटी रवी असेल तर दोन फेर घुसळा, छान फेस येतो. चिमूटभर दालचिनी, जायफळ किंवा सुंठ घाला. आणि अगदी कणभर मीठ, नखावर मावेल एवढंच, त्याने कडूपणा बराच मारला जातो, बीपी असल्यामुळे त्याहून जास्त नको. उकळत बसायची गरज नाही. दुधामुळे कोकोचा गुण कमी होतो असं एका अभ्यासात आलं होतं, नंतरच्या काही अभ्यासांत तसं दिसलं नाही, त्यामुळे त्याची चिंता मी करत नाही, माझी चिंता कॅलरीची आहे. म्हशीच्या दुधाचा पूर्ण कप घेतला तर दीडशे कॅलरी तिथेच झाल्या.

साखर एकदम बंद होत नाही हे मला माहितीये. मी पहिल्या आठवड्यात एक चमचा घातली, मग अर्धा, मग पाव, आणि सहाव्या आठवड्यात बंद. जीभ शिकते, खरंच शिकते, आता कुणाकडे गोड कोको दिला तर मला तो औषधाच्या सिरपसारखा लागतो. गूळ घातला तर चालेल का असं मला तिघींनी विचारलं. नाही. गूळ, मध, खजूर, खडीसाखर हे सगळं या बाबतीत साखरच आहे, गुळात थोडं लोह असेल पण वजनाला आणि शुगरला तो साखरेसारखाच.

प्यायला आवडत नसेल तर नाचणीच्या सत्त्वात घाला. नाचणीची पेज शिजत आली की शेवटी कोकोची पेस्ट त्यात मिसळायची, रंग आणि चव दोन्ही जमतात, आणि पोट भरतं. घट्ट दह्यात एक चमचा कोको आणि वर डाळिंबाचे दाणे, हेही मस्त लागतं. ओट्स खात असाल तर त्यात. एकच करू नका, केळ्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवू नका. केळ्यात एक एन्झाइम असतं, ज्याने कापलेलं केळं काळं पडतं, तेच फ्लॅव्हनॉल खाऊन टाकतं. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये हे मोजलं होतं, केळ्याची स्मूदी घेणाऱ्यांच्या रक्तात फ्लॅव्हनॉल ८४ टक्के कमी पोचले. मी तीन महिने सकाळी जिमवाल्या भाचीच्या सांगण्यावरून नेमकं तेच पीत होते. केळं खा, चांगलं आहे, पण वेगळ्या वेळी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे बहुतेक जण चुकतात. कोको जोडायचा नाही, बदलायचा. दिवसभरात जे खाता त्यात कोकोची भर घातली तर त्या कॅलरी वरच्याच झाल्या. माझा संध्याकाळचा साडेपाचचा चहा असायचा, दोन चमचे साखर आणि बरोबर दोन खारी नाहीतर फरसाणाची वाटी. तो चहा काढला आणि त्या जागी हा कोको आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे ठेवले. तीन महिन्यांत वजन दोन किलो उतरलं. हे कोकोने उतरलं नाही, खारी आणि साखर गेल्याने उतरलं, कोकोने फक्त ती जागा भरून ठेवली, आणि माझ्या मते वजन जास्त असणाऱ्यांसाठी कोकोचं हेच खरं मोठं काम आहे. संध्याकाळी जो काहीतरी चटकदार, काहीतरी चॉकलेटी हवं असा जीव होतो ना, तो यावर शांत होतो. सणावाराला, लग्नाकार्यात गोड खाल्लं तर खाल्लं, पण रोजची साडेपाचची वेळ आपल्या हातात आहे.

तरी चॉकलेटच हवं असेल तर ७० टक्के किंवा वरचं, दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे मोठ्या बारचा एक छोटा चौकोन. बार फोडून चौकोन वेगळा काढा, बाकीचा उठून फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच खायला बसा. टक्के बघितले तरी साहित्यात कोको बटरऐवजी व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड चॉकलेट, ते हृदयासाठी म्हणून तरी घेऊ नका. मिल्क चॉकलेट आणि व्हाइट चॉकलेटचा या सगळ्याशी काही संबंध नाही. हार्वर्डच्या लोकांनी २०२४ च्या शेवटी अनेक वर्षांची माहिती तपासून सांगितलं की आठवड्यात पाच वेळा डार्क चॉकलेट खाणाऱ्यांना टाइप टू डायबेटिस २१ टक्के कमी झालेला दिसला, पण मिल्क चॉकलेट वाढवणाऱ्यांचं वजन वाढलेलं दिसलं. डार्क चॉकलेट खाणारी माणसं एकूणच जपून खाणारी असू शकतात, त्यामुळे त्या २१ टक्क्यांवर मी फार विसंबत नाही.

कुणी जपायचं तेही सांगते. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कोकोत पोटॅशियम भरपूर असतं. मुतखडा होत असेल तर ऑक्सलेटमुळे जपून. ॲसिडिटी, घशाशी येणं असा त्रास असेल तर कोकोने वाढू शकतो, रात्री झोपताना तर नकोच. झोप हलकी असेल तरी संध्याकाळी सहानंतर नको. आणि अजून एक, कोकोच्या झाडाने मातीतून कॅडमियम घेतलेलं असू शकतं आणि बिया वाळवताना धुळीतून शिसं येऊ शकतं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या वस्तू तपासणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेट तपासले तर सगळ्यांत हे दोन्ही सापडले होते. म्हणून घाबरून सोडायचं नाही, पण जास्त घेतला तर जास्त फायदा असा हिशोब करायचा नाही, दोन-तीन चमच्यांवर थांबायचं, मध्ये मध्ये ब्रँड बदलायचा, आणि गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठी रोजचा नेम करायचा नाही. घरात कुत्रा असेल तर डबा वर ठेवा, कुत्र्याला कोको विषारी आहे.

आता उपयोग होतोय का हे बघायचं तर घरी बीपी मोजावं लागेल, आणि इथे वजन जास्त असणाऱ्यांची एक चूक मशीन घेतानाच होते. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर मशीन बीपी वाढवून दाखवतं. टेपने दंडाचा मधला घेर मोजा, ३२ सेंमीच्या वर असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, मशीनबरोबर येणारा साधा पट्टा बहुतेक २२ ते ३२ साठी असतो. माझा दंड ३५ निघाला. एका दवाखान्यात माझं बीपी दोन वर्षं लहान पट्ट्यानेच मोजत होते, मी विचारल्यावर त्यांनी कपाटातून मोठा काढला आणि तिथल्या तिथे सात पॉइंटचा फरक दिसला. तेव्हा विचारा, संकोच करू नका.

मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. आधी अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा हा कोकोसुद्धा नको. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ च्या वर असेल तर जास्त. कोको सुरू करायच्या आधी एक आठवडा असं मोजून ठेवा, मग दोन महिने कोको, मग परत एक आठवडा मोजा. मध्ये गोळी बदलली, वजन उतरलं, लोणचं-पापड कमी केलं तर तेही त्याच वहीत तारखेसकट लिहा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. माझ्या वहीत आता १२८/८० च्या आसपास आकडे आहेत, त्यात गोळीचा वाटा मोठा, मग वजनाचा, मग मिठाचा, आणि कोकोचा असला तर शेवटचे एक-दोन पॉइंट. ती वही मी दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे नेते आणि मागच्या वेळी त्यांनी आकडे बघून गोळी तीच ठेवली, वाढवली नाही.